घडीवर आलेलं गाव

आमच्या घरात एखादी चुरगळलेली वस्तू सापडली, तर ती कुणाची हे विचारावं लागत नाही. ती माझी असते. बाकी सगळ्याच्या घड्या झालेल्या असतात आणि त्या माझ्या सासूबाईंनी घातलेल्या असतात. चादरी, टॉवेल, कागदी पिशव्या. औषधाच्या खोक्यातला तो पातळ माहितीचा कागद एकदा उघडला की परत आत जात नाही, असा सगळ्या जगाचा अनुभव आहे. आई, म्हणजे याच सासूबाई, तो एका हाताने, बोलता बोलता, होता तसा खोक्यात घालून दाखवतात. मी नवी नवरी असताना माझ्या मोज्यांच्या चौकोनी घड्या बघून मला रडूच आलं होतं. वाटलं, बाई टोमणा मारतायत. टोमणा नव्हता, त्यांच्या हातांना नुसतं बसता येत नाही, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आईंनी अडतीस वर्षं नकाशाच्या छापखान्यात घड्या घातल्या. टेबलाएवढा छापील कागद समोर घ्यायचा आणि शर्टाच्या खिशात मावेल एवढा करून पुढे सरकवायचा, हे त्यांचं काम. छोट्या नकाशांना पुढे यंत्र आलं, पण रस्त्यांचे मोठे नकाशे जाड कागदावर असत आणि यंत्र ते चावून टाकायचं. म्हणून लांब टेबलाशी सहा बायका, प्रत्येकीच्या हातात घडी दाबायची हाडाची गुळगुळीत पट्टी, असा तो विभाग शेवटपर्यंत टिकला. आईंच्या उजव्या अंगठ्याचं नख त्यामुळे अजून सपाट आहे. सगळे त्यांना घडीबाई म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी मोठे नकाशे छापणंच बंद झालं आणि घडीबाई घरी आल्या. आल्या त्या आठवड्यात त्यांनी आमचं कपाट लावलं, आणि तेव्हापासून मला माझं काही सापडत नाही.

सहलीची कल्पना माझ्या नवऱ्याची. तो कुरिअरच्या कचेरीत गाड्यांचे मार्ग ठरवतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांना कुठे वळा, कुठे थांबा हे सांगतो आणि घरी आला की त्याची सवय जात नाही. या सुट्टीत गाडी घेऊन नऊ दिवस बाहेर पडायचं, असं त्याने जाहीर केलं. दोन मोठी शहरं आणि त्यांच्या मधल्या वाळवंटातली तीन उद्यानं. शहरांना आमच्या भुंगीने नावं ठेवली होती: बंदराचं शहर आणि काचेचं शहर. भुंगी म्हणजे आमची नऊ वर्षांची मुलगी, जी काहीही करताना गुणगुणते आणि ओरडा खाल्ला की आणखी मोठ्याने गुणगुणते.

दर रविवारी चहा झाला की जेवणाच्या टेबलावर सभा भरायची. नवऱ्याने मोठ्या कागदावर नऊ चौकोन आखले होते. नियम असा, की प्रत्येकाने एक गोष्ट मागायची आणि ती चौकोनात बसवायची जबाबदारी त्याची. त्याला स्वतःला बंदरातली, जहाजांवरचा माल उचलणारी अवाढव्य यारी बघायची होती, जिचा व्हिडिओ तो मला चार वर्षं दाखवतोय. भुंगीला वाळूच्या टेकडीवरून घसरायचं होतं. बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, दर दोन तासांनी स्वच्छतागृह हवं होतं. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, मोजूनमापून बोलतो. "बाकी तुम्ही काय वाट्टेल ते दाखवा," असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

मी एक अख्खा दिवस मागितला. काचेच्या शहरात, हॉटेलच्या खोलीत, काहीही न करण्याचा. मी चष्म्याच्या दुकानात उभी असते. लोकांच्या नाकावर चष्मे बसवून बसवून संध्याकाळी माझे पाय कुणा दुसऱ्याचे वाटतात. दुसऱ्या कुणीतरी आवरलेला पलंग, आंघोळीचा टब, खाली रस्त्यावर सगळं शहर पळतंय आणि वर मी लोळतेय, एवढंच मला हवं होतं. नवऱ्याने आठवा चौकोन माझ्या नावाने रंगवला. मी तो दुकानात कंटाळा आला की मनातल्या मनात काढून बघायचे.

आईंनी मात्र काही मागितलं नाही. "तुम्ही न्याल तिथे येईन की," हेच त्यांचं दर रविवारचं उत्तर. नवरा म्हणायचा, "आई, तू पण सांग गं काहीतरी. नंतर म्हणशील मला विचारलंच नाही." त्या हसायच्या आणि टेबलावरच्या पावत्यांच्या घड्या घालत बसायच्या.

तिसऱ्या रविवारी त्या आपल्या खोलीतून वाळवंटाचा जुना नकाशा घेऊन आल्या. चहाचे कप बाजूला करून तो टेबलभर पसरला. कागद पिवळा पडला होता, घड्यांवर कापसासारखा मऊ झाला होता, आणि मधोमध, जिथे उभी आणि आडवी घडी एकमेकींना छेदतात तिथे, करंगळी जाईल एवढं भोक पडलं होतं. आईंनी त्यात खरंच बोट घातलं. "मला इथे जायचंय," त्या म्हणाल्या.

"इथे कुठे? इथे भोक आहे," नवरा म्हणाला.

"भोकाच्या जागी गाव आहे."

नवऱ्याने फोन काढला, दोन बोटांनी नकाशा ताणत ताणत मोठा केला आणि शेवटी एक ठिपका सापडला. एक पेट्रोलचा पंप, चार खोल्या, पाण्याची मोठी टाकी. तिथे राहून गेलेल्या दोघांनी अभिप्राय लिहिला होता. एकाने लिहिलं होतं, शांत आहे. दुसऱ्याने लिहिलं होतं, फारच शांत आहे.

"आई, हे टेकड्यांच्या उद्यानापासून एका बाजूला एकशे नव्वद किलोमीटर आहे. जायचं म्हणजे एक दिवस जातो. आणि तिथे आहे काय?"

"काही नाही. असंच बघायचं होतं."

"आजी, तिथे खजिना आहे?" भुंगीने भोकातून पलीकडे बघत विचारलं.

"नाही गं राणी."

नवऱ्याने चौकोन मोजले. पहिले दोन बंदराच्या शहराचे. तिसरा लाल दगडांच्या उद्यानाचा. चौथा-पाचवा वाळूच्या टेकड्यांचा. सहावा मिठाच्या तळ्याचा, सातवा आणि आठवा काचेच्या शहराचा, नववा परतीचा. सातव्यात नुसता प्रवास आणि गाडीची तपासणी होती, ती हलणार नव्हती. सगळी सवड एकाच चौकोनात निघत होती आणि तो माझा होता. हे त्याला दिसलं, मलाही दिसलं. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. मी कप उचलून विसळायला निघून गेले. पाण्याच्या आवाजात मी स्वतःला सांगत होते की "असंच बघायचं" म्हणून कुणी दुसऱ्याचा दिवस मागत नसतं.

आईंनी मागितला नव्हताच. त्या फक्त म्हणाल्या, "राहू दे रे, सहज म्हटलं," आणि नकाशा मिटवला. मला राग आला, आणि राग कुणावर काढावा हे कळत नसलं की तो मी भांड्यांवर काढते. पुढच्या रविवारी त्यांनी काही काढलं नाही, मीही मूग गिळून बसले. आठवा चौकोन रंगवलेला होता तसाच होता. पण दुकानात उभी राहून मी तो टब डोळ्यांसमोर आणायला गेले की त्यात आईंचं ते बोट यायला लागलं. आता याला काय म्हणायचं?

शनिवारी दुपारी आई आणि मी गच्चीवर वाळलेल्या चादरी काढायला गेलो. डबल चादरीची घडी दोघींनी घालायची असते. दोन टोकं त्यांच्याकडे, दोन माझ्याकडे. त्या पुढे येतात, माझ्या हातातली टोकं घेतात, परत मागे जातात. बारा वर्षं आम्ही हे करतोय आणि बहुतेक वेळा गप्प असतो. त्या दिवशी मी विचारलं, "आई, खरं सांगा. त्या गावात कोण आहे?"

"मला काय माहीत? मी कधी गेलेय?"

"मग?"

त्यांनी चादर ताणून धरली. "ते गाव मी घडीवर आणलं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्या चोवीस वर्षांच्या होत्या. वाळवंटाचा नवा नकाशा छापायला निघाला होता आणि पहिली घडी घालून बघितली, तर उभ्या-आडव्या घडीची फुली नेमकी मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर येत होती. जिथून एक वाट काचेच्या शहराला जाते आणि दुसरी उद्यानांना. फुलीवर कागद सगळ्यात आधी झिजतो, हे घडीच्या टेबलावरच्या प्रत्येकीला माहीत. मुकादम डोकं धरून बसला. हा फाटाच झिजून गेला तर लोक जातील कुठे? तेव्हा चोवीस वर्षांच्या घडीबाई म्हणाल्या, कागद डाव्या बाजूने बोटभर जास्त कापा, वरून अर्धं बोट, म्हणजे फुली सरकून रिकाम्या वाळूत जाईल. मुकादमाने विचारलं, तिथे काही नाही ना? त्यांनी वाकून बघितलं. एक ठिपका होता, मुंगीएवढा, आणि त्याच्या बाजूला बारीक अक्षरात नाव.

"मला दिसला होता तो," आई म्हणाल्या. "दिसला आणि मी म्हटलं, इथे काही नाही."

सगळ्यांनी वाहवा केली. त्या महिन्यात त्यांना टेबलाची प्रमुख केलं. सहा वर्षांनी छापखान्यात एक पत्र आलं, त्या गावातल्या पंपवाल्याचं. त्याने लिहिलं होतं, की तुमच्या नकाशात आमचं गाव घडीवर येतं, दोन वर्षांत तिथे भोक पडतं, लोकांना वाटतं की इथे काही नाही आणि ते पाण्यावाचून पुढे जातात. गाव लहान आहे, पण आहे. पुढच्या वेळी घडी जरा सरकवता आली तर बघा. कचेरीत ते पत्र मोठ्याने वाचून झालं. लोक हसले. कुणीतरी ते फळ्यावर टाचणीने लावलं. आई हसल्या नाहीत, पण बोलल्याही नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या मुकादमाकडे गेल्या. तो म्हणाला, घडी सरकवली तर परत फाट्यावर येईल, आणि एका पंपासाठी कोण एवढा उपद्व्याप करतो? त्यांनी पुन्हा विचारलं नाही. फळ्यावरचं पत्र काढून घरी आणलं.

"उत्तर तरी लिहायचं होतं मी," त्या म्हणाल्या. "पण काय लिहिणार? की हो, मीच केलं?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"त्या नकाशाची घडी मी दुसऱ्या कुणाला घालू दिली नाही. फुली आली की पट्टी उचलायचे. दाबायचेच नाही तिथे. नुसतं बोट फिरवायचं." त्या जराशा हसल्या. "मग ते नकाशे फुगायचे. नीट मिटायचे नाहीत. दुकानदार तक्रार करायचे की वाळवंटाचा नकाशा लठ्ठ का असतो."

सव्वीस वर्षं, छापणं थांबेपर्यंत, या बाईने एका ठिपक्यापाशी आपला हात हलका ठेवला, आणि घरात कुणाला पत्ता नाही. बाबांनाही नाही. मी चादरीची दोन टोकं धरून उभी राहिले आणि मला माझीच लाज वाटली. गेले दोन रविवार मी टबासाठी तोंड फिरवून बसले होते. टब काही वाईट गोष्ट नाही, मला अजूनही तो हवा आहे. पण माझ्या सासूबाईंनी बारा वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि तेही माझ्याकडे मागितलंय असं न दाखवता.

रविवारी चहा व्हायच्या आत मी तो मोठा कागद ओढला, खोडरबर घेतलं आणि आठवा चौकोन पुसायला लागले. रंग रंगीत पेन्सिलीचा होता, निघता निघेना. "अगं, काय करतेस?" नवरा ओरडला. "सगळी गणितं जुळलीत."

"मग परत जुळव. सहाव्या दिवशी आईंचं गाव. पुढचं सगळं एकेक घर सरकव. काचेच्या शहरात नुसतं झोपायला जाऊ."

"आणि तुझा दिवस?"

"माझ्या दिवसावर मी पाणी सोडलं. पण परत आल्यावर एक रविवार तुम्ही सगळ्यांनी घराबाहेर जायचं आणि मी पलंगावर. लिहून दे."

त्याने खरंच लिहून दिलं. बाबांनी विचारलं, "त्या गावात स्वच्छतागृह आहे ना?" अभिप्रायात तसा उल्लेख नव्हता. त्यावरून नवरा म्हणाला, फोन करून विचारू, खोल्याही सांगून ठेवू. त्याने पंपाचा नंबर लावला आणि बोलणार तेवढ्यात आई म्हणाल्या, "मी बोलते." त्याने फोन त्यांच्या हातात दिला. त्यांना फोन कानाशी धरायची सवय नाही, त्या तो बशीसारखा समोर धरतात, म्हणून आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

"पंप," एका बाईचा आवाज आला. मागे कसलंतरी इंजिन घरघरत होतं.

"खोल्या हव्या होत्या. बारा तारखेला."

"या की. पण आमचं कुणाकडून कळलं तुम्हाला? इकडे मुद्दाम कुणी येत नाही. वाट चुकलेले येतात."

नवरा खुणा करत होता, सांग, फोनवर दिसलं. मीही मान हलवली, कारण मला भीती वाटली की ही बाई तिकडून काहीतरी लागेल असं बोलेल आणि एवढ्या वर्षांनी आई ते ऐकून घेतील. आईंनी आमच्या दोघांकडे बघितलंच नाही.

"मी नकाशाच्या छापखान्यात घड्या घालायचे," त्या म्हणाल्या. "जुन्या नकाशात तुमच्या गावावर भोक पडायचं, ते माझ्यामुळे. घडी तिथे मीच आणली. तुमच्या गावाचं नाव वाचून आणली. तुमच्याकडून पत्र आलं होतं एकदा, त्याचं उत्तर मी दिलं नाही."

पलीकडचं इंजिन बंद झालं.

"ते अप्पांनी लिहिलं होतं," ती बाई म्हणाली. "माझ्या वडिलांनी. मी लहान होते, मीच पाकीट चिकटवलं होतं. टपालाची गाडी आली की ते बाहेर जाऊन उभे राहायचे. वर्षभर तरी राहिले असतील."

आईंनी डोळे मिटले. "आहेत का ते?"

"आहेत की. ऐकू जरा कमी येतं. थांबा हं." मग तिने फोन बाजूला धरून हाक मारली, ती आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आली. "अप्पा! अहो अप्पा! नकाशावाल्यांचा फोन आलाय!"

आम्ही थांबलो. कुणीतरी खुर्ची सरकवली. चपला घासत, अजिबात घाई न करता, कुणीतरी चालत आलं. नवऱ्याने माझा हात धरला होता, कधी धरला ते मला कळलं नाही. फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज झाला.

"हॅलो," म्हातारा मोठ्याने म्हणाला. "मिळालं का पत्र?"

"मिळालं," आई म्हणाल्या. त्यांच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "उत्तराला फार उशीर झाला."

"काय?"

"उशीर झाला हो!" त्या ओरडल्या. "मी बारा तारखेला येतेय!"

"या, या," तो म्हणाला. "किती जण आहात?"